मालाची गाडी आणि माणसांची गाडी



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे गड, तह आणि लढाया यांविषयी काही ऐकावयास मिळेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी शाळा लवकर सोडलेला आणि युनियनच्या कचेरीत बसून वाचावयास शिकलेला मनुष्य. तेव्हा आज मी जो विषय घेतला आहे तो आमच्याच वस्तीतला आहे. धंद्यासाठी घेतलेली लहान मालगाडी घरची गाडी म्हणून वापरली जाते, त्या प्रकाराचा हा इतिहास. सहा दिवस गाडीत भाजीच्या जाळ्या, खोकी आणि सिमेंटच्या गोणी जातात; सातव्या दिवशी त्याच गाडीत बायकामुले बसतात. ज्याला दोन गाड्या घेण्याची ऐपत नाही तो आणखी करणार काय? परंतु प्रत्येक देशाच्या सरकारने माल आणि माणूस यांच्यामध्ये एक रेघ ओढली आहे, आणि ती रेघ नेमकी या कुटुंबाच्या गाडीमधून गेली आहे. ती कोठे कशी ओढली गेली, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रारंभ जर्मनीपासून करू. २ मे १९३३ रोजी हिटलरच्या राजवटीने जर्मन कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या आणि त्यांची मालमत्ता जप्त केली. ती मालमत्ता सरकारी ‘कामगार आघाडी’कडे गेली, आणि याच आघाडीच्या पैशातून पुढे एक प्रचंड मोटार कारखाना उभा राहिला. त्याची कोनशिला १९३८ साली बसविण्यात आली. कामगाराने आठवड्याला पाच मार्क भरून पुस्तकात तिकिटे चिकटवावी आणि ९९० मार्क भरले की मोटार घरी न्यावी, अशी योजना जाहीर झाली. सुमारे तीन लाख छत्तीस हजार लोकांनी त्यात पैसे भरले. मोटार एकालाही मिळाली नाही. युद्ध सुरू झाले, कारखान्यात लष्करी गाड्या तयार होऊ लागल्या, आणि पकडून आणलेल्या हजारो परकी मजुरांना तेथे सक्तीने राबविण्यात आले. पैसे भरणाऱ्यांपैकी काहींनी युद्धानंतर कोर्टकचेऱ्या केल्या, तेव्हा कुठे १९६१ साली तडजोड होऊन त्यांना नव्या गाडीच्या किमतीत थोडी सूट मिळाली.

हाच वोल्फ्सबुर्गचा फोक्सवॅगन कारखाना. युद्धानंतर तो ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. कारखान्यातल्या कारखान्यात सुटे भाग वाहण्यासाठी तेथील लोकांनी मोटारीच्याच सांगाड्यावर एक सपाट हातगाडीवजा वाहन बनविले होते. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने ते पाहिले, आणि एप्रिल १९४७ मध्ये आपल्या टिपणवहीत त्याने एका गाडीचे रेखाचित्र काढले. एक खोके, पुढे चालक, मागे इंजिन आणि मध्ये माल. मार्च १९५० मध्ये ती गाडी तयार होऊ लागली. सुमारे पाऊण टन ओझे ती वाही. तिचा एक प्रकार ‘कोंबी’ या नावाने निघाला. त्याला खिडक्या होत्या आणि मागील बाके काढघाल करता येत. आठवड्याचे सहा दिवस बाके घरात आणि माल गाडीत. रविवारी बाके गाडीत आणि मुले बाकांवर. ही सोय कारखान्यानेच करून दिली होती. एका गाडीला दोन कामे असतात, हे तेथे गाडी बनविणाऱ्याने उघडपणे मान्य केले होते.

इंग्लंडात तेच काम लोकांना आडमार्गाने करावे लागले. युद्धाच्या काळात, १९४० साली, तेथे खरेदीकर बसला, आणि युद्ध संपल्यावरही मोटारींवरील हा कर चढाच राहिला. १९५९ च्या अंदाजपत्रकानंतर घरगुती मोटारीवर तो घाऊक किमतीच्या निम्मा होता. त्याच वर्षी ‘मिनी’ ही लहान मोटार बाजारात आली. तिची मूळ किंमत ३५० पौंड. कर धरून ती जवळजवळ ५०० पौंडांना पडे. पुढच्या वर्षी, १९६० साली, याच मिनीची मालगाडी निघाली. पाव टन ओझे वाहणारी, मागच्या बाजूंना खिडक्या नसलेली. तिला खरेदीकर नव्हता, आणि ती सुमारे ३६० पौंडांना मिळे. या दोन किमती शेजारी ठेवून पाहाव्या. करावाचून पाहिले तर मालगाडीच किंचित महाग होती. इंजिन तेच, चाके तीच. सामान्य माणसाला जो दीडशे पौंडांच्या आसपास फरक दिसत होता, तो सगळा सरकारने पाडलेला होता.

आणि सरकार मोटार व मालगाडी ओळखीत होते ते खिडकीवरून. चालकाच्या मागे बाजूला काच बसली की ती माणसांची गाडी झाली आणि कर लागू झाला. म्हणून इंग्लंडातील पगारदार माणसाने खिडकी नसलेली गाडी घेतली. मागे सुटे बाक बसविले, कोणी गादी अंथरली आणि मुलांना अंधारात बसवून समुद्रकिनाऱ्यावर नेले. हे करणारे केवळ दुकानदार नव्हते. ज्यांचा मालाशी काही संबंध नव्हता अशी कुटुंबेही त्यांत होती. १९८३ पर्यंत अशा पाच लाखांहून अधिक मिनी मालगाड्या बनल्या. १९७३ साली खरेदीकर जाऊन मोटारी आणि मालगाड्या या दोहोंवर मूल्यवर्धित कर आला. मोटारीवर दहा टक्क्यांचा वेगळा कर राहिला खरा, परंतु जुनी मोठी तफावत उरली नाही. तेथील कुटुंबाने रेघेपलीकडे पाऊल टाकले त्याची किंमत पौंडांत मोजली गेली, आणि मुलांना काही वर्षे बाहेरचे दृश्य दिसले नाही. आपल्याकडे तीच किंमत वेगळ्या नाण्यात मोजावी लागते.

आपल्याकडचा धागाही जर्मनीतूनच आला आहे. हॅम्बुर्ग येथील फिदाल कंपनी ‘टेम्पो’ या नावाने तीनचाकी मालगाड्या बनवीत असे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने त्या गाड्या आपल्याकडे काढावयास आरंभ केला, आणि काही वर्षांत टेम्पो हे एका कंपनीचे नाव न राहता मराठी भाषेतील सामान्यनाम झाले. आज कोणत्याही कारखान्याची लहान मालगाडी असो, आपण तिला टेम्पोच म्हणतो. टेम्पो म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे नुसता माल येत नाही. हौद्यात सतरंजी अंथरून, वर ताडपत्री बांधून निघालेले वऱ्हाड येते. जत्रेला निघालेली भावकी येते. फाळक्याला धरून उभी राहिलेली पोरे येतात. १९८४ साली मारुतीची व्हॅन आली. ती घरगुती म्हणूनही चाले आणि मागचे बाक काढून दुकानाचा माल वाहण्यासही चाले. २०१९ पर्यंत ती निघत होती. २००५ साली टाटांची ‘एस’ आली. लोकांनी तिचे ‘छोटा हत्ती’ असे बारसे केले. कारखाने बंद पडलेल्या, कंत्राटी नोकरीला कंटाळलेल्या किती तरी माणसांनी पतपेढीचे कर्ज काढून हा हत्ती दारात बांधला. आमच्या युनियनमध्ये असे बरेच सभासद आहेत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात मालगाडीची जी व्याख्या होती, तिच्यात उतारूंबरोबर माल वाहणाऱ्या गाडीचाही उल्लेख होता. मालाच्या गाडीत माणूस असू शकतो, ही गोष्ट त्या जुन्या कायद्याच्या कानावर आलेली होती. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि त्यातून तो उल्लेख गेला. मालगाडी म्हणजे केवळ माल वाहणारी गाडी, असे ठरले. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण मिळाले. मालगाडीतल्या इतर माणसांचे काय, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली विमा कंपनीवर जबाबदारी टाकली होती. परंतु २००२ साली मोठ्या पीठाने तो निर्णय फिरविला. तेव्हापासून मालगाडीत फुकट बसून जाणाऱ्या माणसाची जबाबदारी सक्तीच्या विम्यात येत नाही.

याचा अर्थ एका घरापुरता सांगतो. आमचा एक सभासद कारखाना बंद पडल्यावर मिळालेल्या पैशांतून लहान टेम्पो घेऊन भाजी वाहू लागला. देवदर्शनाहून परतताना गाडी कलंडली आणि त्याची मेहुणी दगावली. विम्याचे हप्ते वेळेवर भरलेले होते. कंपनीने दावा नाकारला, आणि कायद्याप्रमाणे तिला तसे करता येत होते. भरपाईचा बोजा मालक म्हणून त्याच्यावर आला. ज्या पोरांना आई उरली नाही, त्या भाच्यांचे देणे फेडण्यासाठी त्याने गाडी विकली. म्हणजे भाकरीचे साधनही गेले. हाच अपघात पांढऱ्या पाटीच्या खासगी मोटारीला झाला असता, तर सर्वंकष विम्यात आतल्या माणसांची जोखीम धरलेली असते. पिवळ्या पाटीच्या गाडीत मालकाने स्वतः चालविली तर त्याच्यासाठी अपघात विमा आहे. २०१८ साली त्याची रक्कम १५ लाख रुपये करण्यात आली. म्हणजे एकाच बाकावर दोघे बसले असता नवऱ्याच्या जिवाची काही किंमत धरलेली असते, आणि शेजारच्या बायकोची धरलेली असेलच असे नाही.

कोणी म्हणेल, हे योग्यच आहे. हौद्यात माणसे कोंबून नेणे धोक्याचे आहे, ते थांबावयास हवे. हौद्यासंबंधी मी त्या म्हणण्याशी पूर्ण सहमत आहे. उघड्या फाळक्यापाशी पोरे उभी करणे याला मी कष्टकऱ्यांचा हक्क म्हणणार नाही. मी ते पाहिले की गाडी थांबवावयास लावतो. परंतु चालकाशेजारी पक्की जागा असते, तेथे पट्टा असतो, आणि तेथे मालकाची पत्नी बसते. तिला कायद्याने मालही म्हणू नये आणि माणूसही म्हणू नये, हे कोणत्या न्यायात बसते? धोका आणि जागा यांचा विचार करून रेघ ओढली तर ती आम्हांस मान्य आहे. खिडकीवरून किंवा पाटीच्या रंगावरून ओढलेली रेघ तपासून पाहिली पाहिजे.

कायद्याची रेघ हलत नाही असेही नाही. लहान मोटारीचा परवाना असलेल्या चालकाला साडेसात टनांपर्यंतची वाहतुकीची गाडी वेगळ्या शेऱ्यावाचून चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यापूर्वी या एका मुद्द्यावर विमा कंपन्या कितीतरी दावे अडवीत असत. तो प्रश्न सुटू शकला, तर हाही सुटण्यासारखा आहे. लहान मालगाडीच्या प्रत्येक विम्यात, कारखान्याने बसविलेल्या पक्क्या जागांवर बसणाऱ्या कुटुंबीयांची जोखीम अल्प ज्यादा हप्ता घेऊन आपोआप धरली जावी, एवढीच आमची मागणी आहे. हप्ता भरण्यास आमचा माणूस तयार आहे. जर्मनीत कारखान्याने जे कबूल केले, ते येथे विमा उतरविणाराने आणि कायद्याने कबूल करावे.

तोवर आपण आपल्यापुरते एक काम करावे. आपल्या गल्लीत ज्याच्या दारात लहान टेम्पो उभा असेल, त्याच्याजवळ बसून त्याचे विम्याचे कागद एकदा वाचून पाहावेत. कोणाची जोखीम धरली आहे आणि कोणाची नाही, हे बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि ते वाचावयास आमच्या माणसाला सहसा सवड नसते. आपणांस ती आहे.