पाटीवरचं रानडुक्कर निळं का झालं?

फुटबॉल बघणाऱ्यांना आधी एक प्रश्न. टॉटनहॅमचं जुनं मैदान आठवतंय? बरोबर, व्हाइट हार्ट लेन. 2017 पर्यंत टीम तिथेच खेळायची. आता हे नाव ऐकलं की आपल्याला वाटतं, हार्ट म्हणजे हृदय. पण तसं नाहीये. याचं स्पेलिंग वेगळं आहे आणि अर्थही. हा हार्ट म्हणजे मोठ्या शिंगांचं नर हरीण. व्हाइट हार्ट म्हणजे पांढरं हरीण.

लंडनच्या भरवस्तीत पांढरं हरीण आलं कुठून? तर एका जुन्या इनच्या पाटीवरून. आणि त्या पाटीवर कुठून आलं? थेट राजाकडून. आजचा भाग याच पाट्यांबद्दल आहे. वरवर गंमत वाटेल, पण या चित्रांपायी माणसांचे जीव गेल्याच्या गोष्टी आहेत.

इन म्हणजे काय?

आज इंग्लंडमध्ये सगळ्यांनाच सरसकट पब म्हणतात. पूर्वी मात्र फरक होता. एलहाउसमध्ये एल, म्हणजे एक प्रकारची बिअर मिळायची. टॅव्हर्नमध्ये वाइन मिळायची. आणि इनमध्ये खाणं-पिणं, झोपायला जागा आणि घोड्यांसाठी तबेला, असं सगळं असायचं. थोडक्यात, सराई. मधे चौक, चारी बाजूंनी लाकडी सज्जे, आणि चौकात शिरणाऱ्या घोडागाड्या.

चौसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधले यात्रेकरू ज्या इनमध्ये जमतात, ती लंडनच्या थेम्स नदीपलीकडे सदर्कमध्ये खरोखर होती. नाव होतं टॅबर्ड. टॅबर्ड म्हणजे राजाचे हेरल्ड, आपल्याकडच्या भालदार-चोपदारांसारखे लोक, जो कुलचिन्ह रंगवलेला अंगरखा घालायचे तो. म्हणजे बघा, इंग्रजी साहित्यातली सगळ्यात प्रसिद्ध इन, आणि तिचं नावच राजचिन्हांच्या दुनियेतलं.

चित्र का, अक्षरं का नाही?

सोपं उत्तर आहे. बहुतेक लोकांना वाचता यायचं नाही, आणि घरांना नंबरही नव्हते. आपल्याकडे मतदान यंत्रावर नावाशेजारी चिन्ह असतं ना, तसंच हे. 'रेड लायनपाशी भेट' म्हटलं की कुणालाही कळायचं.

त्यात 1393 मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात नियम आला, की जो कुणी विकण्यासाठी एल गाळेल त्याने बाहेर खूण टांगलीच पाहिजे, नाहीतर माल जप्त. कारण एलची चव आणि दर्जा तपासायला अधिकारी फिरायचे. दुकान कुठंय हे त्यांना लांबून कळायला हवं होतं.

बरं, पाटी लावायची हे ठरलं. पण पाटीवर काय रंगवायचं?

इथे एक बारीक फरक लक्षात घ्या. सरदाराचं पूर्ण कुलचिन्ह, म्हणजे ढालीवरचं ते भरगच्च चित्र, फक्त त्याचं आणि त्याच्या घराण्याचं. पण त्याशिवाय त्याचा एक साधा बिल्ला असायचा. एखादा प्राणी, एखादं फूल. हा बिल्ला त्याचे नोकर, शिपाई, समर्थक अंगावर लावायचे. 'मी अमक्याचा माणूस', एवढंच तो सांगायचा. इनच्या पाट्यांवर जी चित्रं आली, त्यातली कितीतरी या बिल्ल्यांवरून आली.

दुसऱ्या रिचर्डचा बिल्ला होता पांढरं हरीण. गळ्यात सोन्याचा मुकुट आणि साखळी. 1390 मध्ये लंडनला मोठे सामने भरवले तेव्हा त्याने तो लोकांना वाटला. लंडनच्या नॅशनल गॅलरीत 'विल्टन डिप्टिक' नावाचं त्याच्यासाठी केलेलं चित्र आहे. त्यात मेरीमातेभोवती अकरा देवदूत उभे आहेत, आणि त्या सगळ्यांच्या अंगावर पांढऱ्या हरणाचा बिल्ला! म्हणजे देवदूतसुद्धा राजाच्याच पार्टीचे. मग इनवाल्यांनी तेच हरीण दारावर टांगलं तर नवल काय?

चेष्टा अंगाशी आली

आता गंमत संपली, पुढचं जरा गंभीर आहे. चित्र म्हणजेच माणूस असं एकदा ठरलं, की चित्राबद्दल बोलणं म्हणजे त्या माणसाबद्दल बोलणं.

ट्यूडर काळातल्या लेखनात एक गोष्ट येते, आणि शेक्सपिअरच्या 'रिचर्ड द थर्ड' नाटकातही तिचा उल्लेख आहे. चौथ्या एडवर्डच्या राज्यात लंडनमधल्या एका व्यापाऱ्याच्या घरावर 'क्राउन', म्हणजे मुकुटाची पाटी होती. तो चेष्टेत म्हणाला, 'माझ्या पोराला मी क्राउनचा वारस करणार.' त्याला म्हणायचं होतं, हे घर मुलाच्या नावावर करीन. ऐकणाऱ्यांनी दुसराच अर्थ लावला, आणि त्याला देहदंड झाला. ज्यांनी ही गोष्ट लिहिली त्यांना एडवर्डच्या घराण्याबद्दल प्रेम नव्हतं, तेव्हा मीठमसाला असू शकतो. पण अशी गोष्ट लोकांना पटायची, यातच त्या काळाची भीती दिसते.

दुसरा प्रसंग 1484 चा. राजा होता तिसरा रिचर्ड, आणि त्याचा बिल्ला पांढरं रानडुक्कर. आदल्याच वर्षी मुलाला प्रिन्स ऑफ वेल्स केलं तेव्हा त्याने या रानडुकराचे 13,000 कापडी बिल्ले मागवले होते. विल्यम कॉलिंगबॉर्न नावाच्या माणसाने लंडनच्या सेंट पॉल्स चर्चच्या दारावर दोन ओळींचं यमक चिकटवलं. त्यात राजाचे तीन खास माणसं मांजर, उंदीर आणि कुत्रा, तर राजा स्वतः डुक्कर. राजाचं नाव घेतलेलं नाही, पण लंडनमध्ये सगळ्यांना कळलं. कॉलिंगबॉर्न राजाच्या शत्रूशी संधान बांधत होता, हाही आरोप त्याच्यावर होता. त्याच वर्षअखेरीस त्याला हालहाल करून मारलं.

एक डबा निळा रंग

आणि मग आला ऑगस्ट 1485. तिसरा रिचर्ड लेस्टर शहरातून लढाईला निघाला. तिथली परंपरा सांगते, की शेवटचा मुक्काम त्याने एका इनमध्ये केला होता, आणि तिच्या पाटीवर त्याचंच पांढरं रानडुक्कर होतं. 22 ऑगस्टला बॉसवर्थच्या लढाईत तो मारला गेला. हेन्री ट्यूडर, म्हणजे सातवा हेन्री, राजा झाला.

आता त्या इनमालकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. काल ज्याचं चिन्ह अभिमानाने दारावर होतं, त्याचं प्रेत आज घोड्यावर आडवं टाकून गावात आणलंय. जिंकलेलं सैन्य रस्त्यावर फिरतंय. आणि तुमच्या दारावर काय लटकतंय? पांढरं रानडुक्कर.

नवीन पाटी करायला वेळ आणि पैसा लागतो. पण नशीब असं, की हेन्रीच्या सैन्याची आघाडी सांभाळणारा ऑक्सफर्डचा अर्ल जॉन डी व्हीअर, याच्या घराण्याचा बिल्लाही रानडुक्करच होता. फक्त निळं! तेव्हा गोष्ट अशी सांगतात, की ठिकठिकाणच्या इनवाल्यांनी निळा रंग आणला, ब्रश फिरवला आणि विषय मिटवला. लेस्टरची ती इन पुढे 'ब्लू बोर' म्हणूनच ओळखली गेली.

आपण याला संधिसाधूपणा म्हणू. पण मला त्या माणसाचा राग येत नाही. त्याने कुणाचं राज्य बुडवलं नव्हतं. त्याला दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करायचा होता, घोड्यांना चारा घालायचा होता आणि जिवंत राहायचं होतं.

रिचर्डचं काय झालं? लेस्टरमध्येच त्याला पुरलं, मग ती जागाही लोक विसरले. 2012 मध्ये त्याची हाडं सापडली, एका कार पार्किंगखाली.

नावं उरली, भांडणं गेली

पुढे हेच चालू राहिलं. सातव्या हेन्रीने यॉर्क घराण्यातल्या एलिझाबेथशी लग्न केलं, लाल आणि पांढरा गुलाब एक झाले, आणि 'रोझ अँड क्राउन' हे नाव घेणं सगळ्यात सुरक्षित झालं. 1651 मध्ये दुसरा चार्ल्स लढाई हरून एका ओकच्या झाडावर लपला. 1660 मध्ये तो राजा म्हणून परतला आणि गावोगावी 'रॉयल ओक' उगवले.

सदर्कची टॅबर्ड 1676 च्या आगीत जळाली. शेजारची 'जॉर्ज' 1677 मध्ये पुन्हा बांधली, ती लाकडी सज्जासकट आजही उभी आहे. लंडनला गेलात तर जरूर बघा.

आणि कुठे व्हाइट हार्ट, ब्लू बोर अशी पाटी दिसली, तर फोटो काढण्याआधी क्षणभर थांबा. आज ती फक्त जेवणाची जागा आहे. एके काळी मात्र तिथून जाणारा प्रत्येक माणूस त्या चित्राकडे बघून ओळखायचा, की आत कुणाच्या बाजूची माणसं आहेत, आणि तोंड किती उघडायचं.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात!