लोणारचा दगड आणि हापिसातला एसी

आमच्या हापिसात मे महिन्यात लोक स्वेटर घालून बसतात. मागच्या वर्षी त्याचं कारण सापडलं. ज्या खांबावर तापमानाचा सेन्सर आहे, त्याच्या अगदी खाली कुणीतरी प्रिंटर आणून ठेवला होता. प्रिंटर गरम हवा सोडणार, सेन्सर बिचारा 'गरम होतंय' असं कळवणार आणि एसी आम्हाला गारठवणार! सेन्सर खोटं बोलत नव्हता. चुकीच्या जागी उभा राहून खरं बोलत होता, इतकंच.

हे आठवायचं कारण म्हणजे लोणार. गेल्या मे महिन्यात एका वीकांताला मामाकडे गेलो होतो. आजीची जुनी खोली (धाब्याची, दगडमातीच्या दोन फुटी भिंतींची) पाडायची, तिथे स्लॅब टाकायचा आणि एसी बसवायचा, असं मामाने ठरवलं होतं. मला विचारलं, "तू इंजिनेर हायेस ना? मंग सांग, कोनता एशी घेऊ?"

उत्तर द्यायच्या आधी दुपारी दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन आलो. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ. लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. बाहेर अनवाणी पाय अक्षरशः भाजत होते. चार पावलं आत टाकली आणि तळव्यांना गार दगड लागला. लहानपणी वाटायचं, देवामुळे गार असेल. आता वाटलं, बघूया तरी हिशोब करून.

तर मंडळी, हिशोब असा. एक घनमीटर बसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, भरतो साधारण २९०० किलो. तो एक अंशाने तापवायला सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज लागेल. तेवढीच हवा तापवायला त्याच्या दोनहजारावा भाग पुरतो. म्हणजे जाड दगडी भिंत ही उष्णतेची टाकी आहे. दिवसभर भरते, रात्रभर रिकामी होते.

या टाकीचं गणित फोरिए या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली उष्णतेवरच्या आपल्या ग्रंथात मांडलं. दिवस-रात्रीची उष्णता भिंतीतून लाटेसारखी सरकते. जितकी आत जाईल तितकी दुबळी होते आणि तितकीच उशिरा पोचते. बसाल्टसाठी आकडे घालून पाहिले तर फुटाला साधारण आठ तास उशीर, आणि चढउतार उरतो आठवा हिस्सा. दोन फूट असतील तर दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचायला दुसरी सकाळ उजाडते, आणि पोचतं तेही नावापुरतं. यात जादू काही नाही. भिंत थंडी तयार करत नाही, दिवस आणि रात्रीची सरासरी काढून देते. लहान दार आणि अंधार ऊन बाहेर ठेवतात, एवढंच.

गंमत बघा. त्याच्या आदल्या वर्षी, १८२१ मध्ये, सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं की दोन वेगळ्या धातूंचे तुकडे जोडून एक सांधा तापवला, की जवळची होकायंत्राची सुई हलते. त्याला ते चुंबकत्वच वाटलं. खरं तर तारेतून वीज वाहत होती. तापमान विजेच्या भाषेत वाचायची सुरुवात इथली. आणि १८२३ साली अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी लोणारला आला आणि उल्कापाताने बसाल्टमध्ये पडलेल्या या विवराची युरोपीयांच्या दफ्तरात नोंद झाली. (गावकऱ्यांना ते आधीपासून माहीत होतं, हे सांगायला नकोच.) तीन वर्षं, तीन माणसं. एकमेकांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण मामाच्या प्रश्नाला तिघंही लागतात: सेन्सर, भिंत आणि लोणारचा दगड.

पुढचा टप्पा अमेरिकेतला. वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक विस्कॉन्सिनमध्ये शिकवायचे. हिवाळ्यात शाळेचा शिपाई सारखा वर्गात येऊन थर्मामीटर बघायचा, मग तळघरात जाऊन भट्टीची उष्णता कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय! जॉन्सननी वर्गातलं तापमान विजेने तळघरात कळवणारी घंटा तयार केली. १८८३ मध्ये पेटंट मिळालं, १८८५ मध्ये कंपनी निघाली. आज आपल्या हापिसाच्या भिंतीवर जी डबी असते, तिचा हा पणजोबा. यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. घंटेने कोळसा वाचवला नाही. घंटा ऐकून हात हलवणाऱ्या माणसाने वाचवला.

आपल्याकडे ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये आला आणि मोठ्या इमारतींसाठीची ऊर्जा संहिता २००७ मध्ये. या संहितेचा क्रम मला फार आवडतो. आधी भिंत, छप्पर, काच. एसी आणि त्याचं नियंत्रण नंतर. १ जानेवारी २०२० पासून घरगुती एसी सुरू केला की आपोआप २४ अंशांवर यावा, असाही नियम झाला. एक अंश वर ठेवला तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा दक्षता ब्युरोचा हिशोब आहे.

आपल्या धंद्यातलंच उदाहरण हवं असेल तर इन्फोसिसचं हैदराबादजवळचं पोचारम. २०१०-११ च्या सुमारास त्यांनी तिथे एक इमारत दोन सारख्या भागांत बांधली. एका भागात नेहमीचा एसी, दुसऱ्यात स्लॅबमध्ये नळ्या घालून थंड पाणी फिरवलं. दोन्हीकडे मीटर आणि सेन्सर. स्लॅबवाल्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. सेन्सरशिवाय हे चाललंच नसतं, कारण पाणी जास्त थंड झालं तर छताला दंव धरतं. पण मूळ काम कोणी केलं? स्लॅबमधून फिरणाऱ्या थंड पाण्याने. 

असो. मामाकडे परत आलो. माझ्या बॅगेत डीएस१८बी२० हे बोटाएवढे दोन सेन्सर होते (अशा वस्तू बाळगणाऱ्याचं लग्न का जमत नाही, हा आईचा प्रश्न आहे). एक मामेभावाच्या स्लॅबच्या खोलीत टांगला, एक आजीच्या खोलीत खुंटीला, तिच्या उशीच्या उंचीवर. दुसऱ्या दिवशी आलेख काढला. आजीच्या खोलीची रेघ जवळजवळ सपाट. स्लॅबची रेघ दुपारपासून चढत जाऊन दिवेलागणीला सगळ्यात वर, म्हणजे माणसं घरी येतात नेमकी तेव्हा.

मी विजयी मुद्रेने लॅपटॉप मामासमोर धरला. त्याने शांतपणे बघितलं आणि म्हणाला, "बरोबर हाये तुहं. पन तू दोन दिवसाले येतं लेका. पावसाळ्यात धाबं गळते तवा रातभर घमेले कोन ठेवते? दरसाल माती कोन टाकते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते घमेलं माझ्या कुठल्याच आलेखात नव्हतं. माझा सेन्सरही प्रिंटरशेजारीच उभा होता म्हणायचा.

मग दोघांनी बसून नवा बेत केला. जुन्या भिंती ठेवायच्या, धाबं उतरवायचं. मिस्त्रीने भिंती तपासून होकार दिला तर वर स्लॅब, आणि त्यावर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक, म्हणजे ऊन परतेल आणि पाणीही मुरणार नाही. आजी एवढंच म्हणाली, "रातच्याले खिडकी उघडी राहू द्या." टाकी रिकामी कशी करायची हे तिला फोरिएशिवायच ठाऊक होतं.

सेन्सर खुंटीलाच ठेवून आलो. स्लॅब पडला की पुढच्या मेमध्ये दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघणार आहे. कोणता एसी घ्यायचा, ते मामाला अजून सांगितलेलं नाही.