बाळाला बाहेर पाजताना कपडे कोणते? बुरखा, कमीज, ओढणी आणि टेलरला सांगायच्या गोष्टी

अंगावर पिणारं बाळ घेऊन बाहेर पडायचं म्हटलं की आपल्या घरांत पहिली अडचण येते ती कपड्यांची. बाळाला डोस द्यायला दवाखान्यात जायचं असतं, एस.टी.ने माहेरी जायचं असतं, नणंदेच्या घरी अकीका असतो. बाळाला भूक कधी लागेल याचा नेम नाही आणि आईच्या अंगावर बुरखा, त्याखाली कमीज, त्याखाली आणखी एक कपडा. मग सोपा मार्ग म्हणून बाटली बरोबर घेतली जाते. एकदा घेतली की पुढच्या वेळीही घेतली जाते. काही जणी तर बाळ वर्षाचं होईपर्यंत घरातून निघणंच टाळतात.

यात नुकसान बाळाचं आहे आणि आईचंही. दूध जितकं पाजलं जातं तितकं तयार होतं. दिवसातून दोन-तीन वेळा बाटली लागली की अंगावरचं दूध हळूहळू कमी होतं, आणि मग "तिला दूधच येत नाही" असं घरातलेच म्हणू लागतात. नीट न उकळलेल्या बाटलीतून जुलाब होण्याची भीती वेगळीच. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त पाजायला सांगते. सूरह बकरहच्या २३३व्या आयतीतही पूर्ण मुदत पाजू इच्छिणाऱ्यांसाठी दोन वर्षांचाच उल्लेख आहे. दोन वर्षं पाजायचं तर दोन वर्षं घरात बसून चालणार नाही. म्हणून कपड्यांचा हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. अडचण बहुतेक वेळा एका कपड्याची नसते, कपड्यांच्या थरांची असते. बुरख्याला पुढे चेन आहे, पण आतली कमीज मागून उघडणारी आहे. किंवा कमीजला पुढे बटणं आहेत, पण बुरखा डोक्यातून घालायचा आहे. वरपासून आतपर्यंत सगळे कपडे एकाच जागी उघडले पाहिजेत, तेही एका हाताने, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. नवा कपडा घेताना दुकानात फक्त तो एकटा बघू नका. तो ज्याच्यावर घालणार आहात त्याच्यासकट विचार करा.

बुरखा आणि अबाया

पुढून पूर्ण उघडणारा, बटणांचा किंवा चेनचा अबाया सगळ्यात सोयीचा असं वाटतं, आणि घालायला-काढायला तो आहेही. पण पाजताना मधली चेन खाली ओढली की दोन्ही बाजू उघड्या पडतात. त्यापेक्षा छातीच्या दोन्ही बाजूंना, प्रिन्सेस कटच्या उभ्या शिवणीत लपवलेल्या दोन चेन जास्त उपयोगी. ज्या बाजूने पाजायचं तेवढीच उघडते, बाकीचा कपडा जागेवर राहतो. बाजारात असे तयार अबाया आता मिळतात, पण नवा घ्यायलाच पाहिजे असं नाही. घरातल्या जुन्या सैल बुरख्याला मोहल्ल्यातला टेलर अशा चेन लावून देतो आणि खर्च नव्या बुरख्यापेक्षा पुष्कळ कमी येतो.

टेलरला मात्र नीट सांगावं लागतं, नाहीतर तो साध्या ड्रेसला लावतो तशी चेन लावून मोकळा होतो. चेन प्लास्टिकच्या दातांची, मऊ आणि लपणारी हवी. धातूच्या दातांची चेन बाळाच्या गालाला घासते आणि उन्हात तापते. चेनच्या आतून कपड्याची एक पट्टी ठेवायला सांगा, म्हणजे चेन उघडताना आतली कमीज किंवा कातडी अडकणार नाही. वरून एक झाकण-पट्टी असली तर चेन आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चेनची सुरुवात खांद्याच्या थोडी खाली आणि शेवट छातीच्या खाली चार बोटं असावा. फार लहान ठेवली तर बाळाचं तोंड नीट लागत नाही आणि आई वाकून वाकून पाठ दुखवून घेते. चेनऐवजी टिचबटणं चालतात, पण ओढ बसली की ती आपोआप उघडतात. वेल्क्रो नको. त्याचा आवाज होतो, झोपलेलं बाळ दचकतं, आणि धुऊन धुऊन त्यात धागे अडकले की ते चिकटतही नाही.

कापडाबद्दल थोडं. निदा किंवा क्रेपचा बुरखा चुरगळत नाही, आरपार दिसत नाही, हे खरं. पण ही कापडं बहुतेक पॉलिएस्टरची असतात, घाम शोषून घेत नाहीत. मराठवाडा-विदर्भाच्या एप्रिल-मे महिन्यात पाजणारी आई आणि तिला चिकटलेलं बाळ दोघंही भिजून जातात. बुरखा निदाचा असला तरी आतला प्रत्येक कपडा सुती ठेवा. छातीवर खडे, टिकल्या, मणी लावलेला बुरखा या दोन वर्षांत कपाटात ठेवलेला बरा. नुसता गाल खरचटतो असं नाही, सहा-सात महिन्यांचं बाळ खडा उपटून तोंडात घालतं. अत्तराचंही तेच. बाळ आईला वासाने ओळखतं, त्यामुळे छातीवर, ओढणीच्या त्या टोकाला अत्तर नको.

दोन भागांचा पोशाख, म्हणजे खाली घेर आणि वर कमरेपर्यंत किंवा गुडघ्यापर्यंत येणारा मोठा खिमार, हा आमच्या मते सगळ्यात सोयीचा. खिमार हेच आवरण होतं, वेगळी ओढणी सांभाळावी लागत नाही. बाळ आत घेतलं की आतली कमीज वर करून किंवा उघडून पाजता येतं. ज्यांना पूर्ण बुरख्याची सवय आहे त्यांनी निदान प्रवासापुरता हा पर्याय करून बघावा.

कमीज, कुर्ती आणि साडी

पाजण्याच्या दोन पद्धती आहेत, वरून उघडणं आणि खालून वर करणं. खालून कमीज वर केली की छातीचा वरचा भाग कमीजनेच झाकलेला राहतो आणि खालचा बाळ झाकतं. फक्त पोट आणि पाठ उघडी पडते. त्यासाठी आत एक सुती समीज घाला, तिचा गळा इतका मोठा की तो खाली ओढता येईल. समीज खाली, कमीज वर. पोट झाकलेलं राहतं. पण यासाठी कमीजला बाजूला कट हवेत आणि ती सैल हवी. बाजू न कापलेली, घेरदार अनारकली वर होत नाही आणि पुढून उघडतही नाही.

सिझेरियन झालेल्या आईने सलवारची नाडी टाक्यांच्या वर, पोटाशी सैल बांधावी. घट्ट इलास्टिकची लेगिंग बरोबर टाक्यांवर बसते. बाळाला मांडीवर घेऊन वाकलं की ती जास्तच रुतते.

साडी नेसणाऱ्या आपल्या बहिणी खेड्यापाड्यांत भरपूर आहेत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत आजही साडी आणि डोक्यावर पदर हाच रोजचा पोशाख आहे. त्यांना हा सगळा लेख वाचून हसू येईल. पुढे हुक असलेलं सुती ब्लाऊज आणि वरून पदर, याच्याइतकी सोपी सोय शहरातल्या कुठल्याही दुकानात मिळत नाही. फक्त ब्लाऊज शिवताना हुक पुढे ठेवा आणि शिवणीत थोडं कापड जादा सोडा. दूध उतरलं की जुनी ब्लाऊज बसत नाहीत.

आतले कपडे

याबद्दल कुणी बोलत नाही आणि त्रास मात्र इथूनच सुरू होतो. गरोदरपणातल्या किंवा लग्नाआधीच्या मापाची घट्ट ब्रा घालून राहिलं की दुधाच्या नळ्या दाबल्या जातात, गाठ येते, जागा लाल होऊन दुखते, ताप येतो. असं झालं तर दूध पाजणं बंद न करता डॉक्टरला दाखवायचं असतं. तार असलेली ब्रा नको. पुढून एका हाताने क्लिप उघडणारी पाजण्याची ब्रा घ्या, शक्यतो दूध उतरल्यावर माप घेऊन. तीन असल्या तर पुरतात: एक अंगावर, एक धुण्यात, एक बॅगेत.

दूध गळून कपड्यांवर डाग पडतो ही भीती पहिल्या काही महिन्यांत प्रत्येकीला असते. विकतचे पॅड मिळतात, पण जुन्या मलमलच्या ओढणीचे चार पदरी गोल कापून काठ शिवले की घरीच पॅड तयार होतात. ओला पॅड तसाच ठेवू नका, ओलीने कातडी फाटते आणि बुरशी धरते. गडद किंवा बारीक छापाच्या कपड्यावर डाग उठून दिसत नाही.

ओढणी, नकाब आणि पिना

पाजताना वरून घ्यायची ओढणी सुती किंवा मलमलची, अडीच मीटरच्या आसपास. जॉर्जेट आणि शिफॉन खांद्यावरून सटकतात आणि मग आईचं सगळं लक्ष ओढणीत राहतं. ओढणीची दोन टोकं मानेमागे किंवा एका खांद्यावर गाठ मारून घ्या. बाळाचं तोंड नीट लागलं आहे का हे आईला वरून दिसलं पाहिजे. गळ्यापाशी कडक पट्टी असलेले पाजण्याचे एप्रन मिळतात, त्यांचा हाच फायदा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाळाचं नाक मोकळं राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात काळ्या बुरख्याखाली, वर ओढणी, त्यावर दुपटं, असं बाळाला गुंडाळू नका. एका बाजूने वारा येईल एवढी जागा ठेवा, सावलीत बसा, मधून मधून बाळाच्या मानेला हात लावून घाम बघा. पाच-सहा महिन्यांनंतर बाळ स्वतःच ओढणी ओढून फेकतं. तेव्हा ओढणीपेक्षा कपड्याची रचनाच कामी येते.

हिजाबच्या सुटे टोक असलेल्या पिना पाजताना धोक्याच्या आहेत. बंद होणारी सेफ्टी पिन त्यातल्या त्यात बरी, पण पिनेशिवाय बसणारा शिवलेला स्कार्फ किंवा मकना सगळ्यात बरा. हल्ली लोहचुंबकाच्या पिना निघाल्या आहेत. त्या टोचत नाहीत म्हणून सुरक्षित वाटतात, पण बाळाने गिळल्या तर आतड्याला गंभीर इजा होऊ शकते. लहान बाळ असलेल्या घरात त्या नकोतच.

नमाज आणि पाकी

बाहेर असताना नमाजची वेळ झाली की कपड्यांवर दूध सांडलंय, चालेल का, असा प्रश्न नवीन आईला पडतो. आईचं दूध पाक आहे, त्याने कपडा नापाक होत नाही आणि पाजल्याने वुजूही तुटत नाही. बाळाच्या लघवीचं तसं नाही. हनफी मसलकात ती धुवावीच लागते. कोकणातले बरेच मुस्लिम शाफई आहेत. त्यांच्याकडे फक्त दुधावर असलेल्या मुलग्याच्या लघवीवर पाणी शिंपडणं पुरेसं मानतात, मुलीच्या बाबतीत मात्र धुवायलाच सांगतात. बारीकसारीक शंका आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचाराव्यात. सोय म्हणून एक स्वच्छ मकना आणि एक सलवार वेगळ्या पिशवीत ठेवली की प्रश्नच उरत नाही.

लग्न-वलीमा

इथे गंमत होते. जनानखान्यात परका पुरुष नसतो, बुरखे उतरतात, म्हणजे पाजायला सगळ्यात सोपी जागा. पण बुरख्याखाली असतो मागून चेन असलेला, जरीने भरलेला अनारकली. बाळ रडायला लागलं की आईला अख्खा ड्रेस उतरवावा लागतो, आणि त्यासाठी खोली शोधत ती हॉलभर फिरते. शिवायला टाकतानाच टेलरला सांगा की चेन पुढे किंवा बाजूला घ्या आणि छातीवर जरीऐवजी साधं कापड ठेवा, काम बाह्यांवर आणि घेरावर करा. साडी किंवा पुढून उघडणारी लांब कुर्ती तर उत्तमच. अशा ठिकाणी एखादी खोली पाजणाऱ्या आयांसाठी राखून ठेवणं यजमानांना जड नाही. दोन खुर्च्या, एक उशी, एक पंखा एवढंच लागतं.

बाहेर कुठे बसायचं

रस्त्यात, गाडीत पाजावं लागलं तर दोन्हीकडून टोमणे येतात. एकीकडे "बुरखा घालून चारचौघांत पाजते", दुसरीकडे "एवढं झाकायचं तर घरात बसावं". दोन्ही ऐकून सोडून द्यावेत. झाकून पाजण्यात बेअदबी नाही आणि भुकेल्या बाळाला थांबवण्यात शराफत नाही. २०२५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी पाजण्याकडे वाईट नजरेने पाहू नये असं म्हटलं आणि सार्वजनिक जागांत आयांसाठी सोय करण्यावर भर दिला.

एस.टी.त मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बाळाला घेऊन प्रवासही वाढला आहे. गाडीत खिडकीची सीट घ्या, शेजारी घरातलं माणूस किंवा दुसरी बाई बसू द्या. अनेक बसस्थानकांवर आयांसाठी हिरकणी कक्ष आहेत. बाळासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव त्यांना दिलं आहे. कक्षाला कुलूप दिसलं तर परत फिरू नका, वाहतूक नियंत्रकाकडे जाऊन उघडून मागा. हे काम बरोबरच्या नवऱ्याने, दिराने करायचं. बॅग धरणं, आडोसा होऊन पाठ करून उभं राहणं, दुकानात ट्रायल रूम विचारणं, हेही त्यांचंच. शौचालयात बसून पाजू नका. आपण तिथे जेवत नाही.

नोकरी करणाऱ्या बहिणींसाठी कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यात २०१७मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन बाळांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा द्यावी लागते. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दोन सुट्ट्यांची तरतूदही आहे.

नवा कपडा घालून थेट बाहेर पडू नका. घरी आरशासमोर बसा, बाळ एका हातात घ्या, दुसऱ्या हाताने सगळे थर उघडा, पाजा, पुन्हा बंद करा. दोन-तीन दिवस असं केलं की हात बसतो. आणि बाळ रडेपर्यंत थांबू नका. ते आधी हात तोंडात घालतं, चुटचुट आवाज करतं, मान वळवून शोधतं. तेव्हाच घेतलं तर शांतपणे पितं, आणि शेजारी बसलेल्यांना बाळ झोपलंय असंच वाटतं.