‘मोबी डिक’चा निवेदक ‘इश्माएल’च का?

हर्मन मेलव्हिलच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीचा निवेदक पहिल्याच वाक्यात आपल्याला ‘इश्माएल’ म्हणायला सांगतो. हे नाव बायबलमधलं. अब्राहामला पत्नी साराच्या दासीपासून, हागारपासून, झालेला हा मुलगा. पुढे साराला इसहाक झाला आणि या मायलेकांना घराबाहेर काढलं गेलं. वाळवंटात पाणी संपलं, तेव्हा देवाने मुलाचं रडणं ऐकलं. हिब्रूत नावाचा अर्थही ‘देव ऐकतो’ असाच आहे. आपल्या ओळखीचं ‘इस्माईल’ हे त्याचंच अरबी रूप.

मेलव्हिलचा इश्माएलही असाच निराधार भटक्या. स्पॉयलर आहे, पण सांगायलाच हवा: जहाज बुडतं, शवपेटीच्या आधाराने तरंगणारा तो एकटाच वाचतो. त्याला उचलून घेणारं जहाज कॅप्टनचा हरवलेला मुलगा शोधत असतं. त्याचं नाव ‘रेचल’, म्हणजे बायबलमधली लेकरांसाठी रडणारी राहेल.