बांध, साखळी आणि दीड फूट

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेताला तारेचं कुंपण घालायचं ठरलं. खांब आले, तारेची भेंडोळी आली आणि काम थांबलं. काका म्हणाले, "दादा, खांब बांधावर नको, तुझ्या अंगाला घे." बाबा म्हणाले, "आत घेतलं की बाहेर राहिलेलं बारा वर्षांनी तुझ्या पोरांचं!" कायदा इतका सोपा नाही, पण ही बारा वर्षं १९६३च्या लिमिटेशन अ‍ॅक्टमधली, आणि गावात ती सगळ्यांना तोंडपाठ.

भांडण किती? दीड फुटाचं. बांध साधारण ३३० फूट, म्हणजे अर्धा गुंठासुद्धा नाही. पण दिवाळीला दोघं एकमेकांच्या घरी गेले नाहीत.

मग मी विचारत सुटलो, ही रेघ मारली कुणी?

गोष्ट जाते १८३५ सालच्या इंदापुरात. त्याआधी प्रिंगल नावाच्या साहेबाची मोजणी फसली होती. मोजमापं चुकीची, सारा झेपेना, लोक जमिनी टाकून चालले होते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. एका बैलजोडीनं कसता येईल एवढी जमीन हे माप डोळ्यापुढे ठेवून शेतांना नंबर दिले, हद्दीला दगड रोवले. आपला 'सर्व्हे नंबर' तो हाच.

मोजायला होती शंकू साखळी, ३३ फुटांची. इंग्लंडातल्या गंटरच्या साखळीच्या बरोब्बर निम्मी. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. आणि साखळीचे भाग किती? सोळा आणे! एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. आमचं अख्खं भांडण एका आण्यात मावत होतं.

त्याआधी गावाची शीव महार दाखवायचे. वाद झाला तर त्यांची साक्ष मोलाची. ज्यांच्या शब्दावर गावाची हद्द ठरायची, त्यांची घरं मात्र गावकुसाबाहेर. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ फोन बाजूला ठेवला.

शेवटी मोजणी मागवली. जुन्या टिपणावरून खुणा धरत गेलो तर दगड सापडला लिंबाच्या मुळात, अर्धा गिळलेला. रेघ बांधाच्या मधूनच जात होती. बाबा जिंकले म्हणा ना! पण खड्डा खणायचा, उद्या खांब कलला तर सरळ करायचा, म्हणजे पाय काकांच्या उसात पडणारच. रेघेवरच घालायचं तर खर्च दोघांचा, आणि काका काही पैसे देणार नव्हते.

बाबांनी फूटभर आत खांब रोवले. आधी कागद केला: हद्द दगडाची, कुंपणाची नाही. खाली दोघांच्या सह्या. लिंब बाहेर राहिला. काकांनी विचारलं, "सावलीत बसायला येशील का?" बाबा म्हणाले, "फाटक ठेवलंय."