ॲक्सिलरेटेड बीएसएन

दुसऱ्या विषयातील पदवी आधीच हाती असलेल्यांसाठी अमेरिकेत चालणारा नर्सिंगचा वेगवान पदवी अभ्यासक्रम. मिसूरीतील सेंट लुइस विद्यापीठाने १९७१ मध्ये तो प्रथम सुरू केला. भाषा, इतिहास, समाजशास्त्र असे सामान्य विषय विद्यार्थ्याने आधीच पार केलेले असतात. ते वगळले की चार वर्षांचे नर्सिंग साधारण ११ ते १८ महिन्यांत बसते.

जाहिरातीत हाच आकडा ठळक असतो आणि निवड करताना तोच सर्वात कमी कामाचा ठरतो. शरीररचना व शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी प्रवेशापूर्वीच पूर्ण करावे लागतात. वाणिज्य पदवीधराचे त्यात सहज एक वर्ष जाते. पूर्वी केलेले विज्ञानविषय पाच-सात वर्षांहून जुने असतील, तर काही महाविद्यालये ते धरत नाहीत. त्यामुळे हिशेब पहिल्या पूर्वविषयापासून परवान्यापर्यंत मांडावा.

परवान्यासाठी ‘एनसीलेक्स-आरएन’ ही संगणकीय परीक्षा द्यावी लागते. उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा वा कठीण होत जातो. एप्रिल २०२३ पासूनच्या स्वरूपात किमान ८५, कमाल १५० प्रश्न आणि पाच तासांची मुदत आहे. पहिल्याच प्रयत्नात किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, याची महाविद्यालयवार आकडेवारी अनेक राज्यांची नर्सिंग मंडळे प्रसिद्ध करतात. ती एका वर्षाची नव्हे, सलग काही वर्षांची पाहावी. सोबत किती विद्यार्थ्यांनी शिक्षण मध्येच सोडले, हेही विचारावे. कच्चे विद्यार्थी आधीच गळाले, तर निकाल आपोआप उजळ दिसतो.

खरा कस रुग्णालयात लागतो. पहाटे वॉर्डात पोचून रात्रपाळीच्या नर्सकडून रुग्णांची माहिती घ्यायची, औषध देण्यापूर्वी मनगटावरच्या पट्टीवरचे नाव आणि जन्मतारीख पडताळायची, बारा तास उभे राहून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचा अभ्यास करायचा. या काळात पूर्णवेळ नोकरी जवळपास अशक्य, म्हणून घरखर्चाची तरतूद आधी हवी. बालरोग, प्रसूती, मनोरुग्ण हे वॉर्ड महाविद्यालय स्वतः मिळवून देते की विद्यार्थ्याला शोधायला लावते, हा प्रश्न ऑनलाइन वर्ग असलेल्या ठिकाणी तर विचारलाच पाहिजे.

पैशांची बाजूही वेगळी आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे पेल हे शिक्षण अनुदान पहिल्या पदवीपुरतेच असल्याने या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. नोकरीच्या व्हिसाधारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आलेल्या मराठी पदवीधरांना शिकण्याची मुभा आहे. पण केंद्रीय कर्ज नाही आणि कामाच्या परवान्याशिवाय नोकरीही नाही. भारतातील पदवीचे मूल्यमापनही करून घ्यावे लागते. भारतात मात्र असा जवळचा मार्ग नाही. दुसऱ्या शाखेच्या पदवीधरालाही बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे काढावी लागतात.

जानेवारी २०२३ मध्ये ‘ऑपरेशन नाइटिंगेल’ या तपासात फ्लोरिडातील संस्थांनी ७,६०० हून अधिक बनावट नर्सिंग पदविका व गुणपत्रके विकल्याचे उघड झाले. त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतः तपासाव्यात: राज्य मंडळाची मंजुरी आणि ‘सीसीएनई’ किंवा ‘एसीईएन’ या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता. दोन्हींच्या याद्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात.