फिश (सर्फबोर्ड)

फिश हा आखूड, रुंद व तुलनेने जाड सर्फबोर्डाचा एक प्रकार आहे. माशाच्या शेपटीप्रमाणे दुभंगलेले मागील टोक व तळाला बसवलेले दोन फिन ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये होत. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे स्टीव्ह लिस यांनी १९६७ च्या सुमारास गुडघ्यांवर बसून सर्फिंग करण्यासाठी हा बोर्ड घडवला.

फिश मागणीनुसार बनवून घेताना सर्फरचे वजन, कौशल्य व नेहमीच्या लाटांचे स्वरूप कारागिरास सांगितले जाते. त्यावरून बोर्डाची लांबी, रुंदी, जाडी व लिटरमध्ये मोजले जाणारे घनफळ ठरते. रुंदीमुळे पुरेशी तरणशक्ती मिळत असल्याने फिश सहसा नेहमीच्या शॉर्टबोर्डापेक्षा काही इंच आखूड घेतात. तो कमकुवत लाटांवरही वेग राखतो. मात्र उंच, उभ्या लाटांवर त्यास आवरणे कठीण जाते.